बीपी नॉर्मल, मग ही गोळी कशासाठी?

रक्ताची मोठी उलटी होते आणि माणूस हॉस्पिटलात दाखल होतो. रक्ताच्या पिशव्या लागतात, रात्रीतच दुर्बीण घालून बघतात, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावतात. डॉक्टर सांगतात, लिव्हर सिरोसिस आहे. आठवडाभराने डिस्चार्ज मिळतो आणि नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जातात. चिठ्ठीतल्या एका नावावर दुकानदाराचं बोट थांबतं. प्रोप्रॅनोलॉल, किंवा अलीकडे बऱ्याचदा कार्व्हेडिलॉल. तो सहज विचारतो, “पेशंटला बीपी आहे का?”

बीपी तर नाही. कधीच नव्हतं. उलट वॉर्डातल्या सिस्टर रोज म्हणायच्या, यांचं बीपी जरा कमीच आहे. घरी आल्यावर कुणीतरी मोबाइलवर गोळीचं नाव शोधतं. उच्च रक्तदाब, छातीतली धडधड, अर्धशिशी, हातांची थरथर अशी यादी निघते. लिव्हरच्या पेशंटला हृदयाची गोळी का दिली, असा प्रश्न पडतो आणि तो रास्तच आहे. दोन आठवड्यांनी पेशंट म्हणतो, गळून गेल्यासारखं वाटतंय. नाडी मोजली तर ५८. मग घरातल्या घरात ठरतं, ही गोळी नको.

इतकी जुनी आणि इतकी स्वस्त गोळी केवळ कारण न कळल्यामुळे सुटावी, याचं फार वाईट वाटतं. कारण सिरोसिसमध्ये शिरा फुटून एकदा रक्तस्राव झाला आणि पुढे काहीच उपचार केले नाहीत, तर एक-दोन वर्षांत शंभरातल्या साधारण ६० जणांना पुन्हा रक्तस्राव होतो. दर वेळच्या रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण आजच्या चांगल्या उपचारांनंतरही १५ ते २० टक्क्यांच्या घरात आहे. ही गोळी लिहिली जाते ती हा दुसरा रक्तस्राव टाळण्यासाठी.

दंडात मोजत नाहीत ते प्रेशर

हृदयातून निघालेलं रक्त धमन्यांतून अवयवात जातं आणि शिरांमधून थेट हृदयाकडे परततं, हा शरीरातला सर्वसाधारण नियम. पोटातले अवयव याला अपवाद आहेत. जठर, आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांतून निघालेलं रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होतं आणि आधी यकृतात जातं. या शिरेला पोर्टल व्हेन म्हणतात. अन्नातून आलेली साखर, औषधं आणि आतड्यांतले विषारी पदार्थ सगळ्या शरीरात पसरण्याआधी यकृताच्या हाताखालून जावेत, यासाठीची ही सोय आहे. यकृतात दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येतं. त्यातलं साधारण तीन चतुर्थांश या पोर्टल शिरेतूनच येतं.

एवढं रक्त वाहतं, पण अगदी कमी दाबाने. दंडाला पट्टा बांधून मोजलेला वरचा आकडा १२० च्या आसपास असतो. यकृतात शिरतानाचा दाब आणि बाहेर पडतानाचा दाब यांतला फरक निरोगी माणसात पाचपेक्षा जास्त नसतो. तोही त्याच एककात, म्हणजे मिलिमीटर पाऱ्यात. या फरकाला इथे आपण पोटातलं प्रेशर म्हणू. दंडावरच्या पट्ट्याला त्याचा पत्ता लागत नाही. ते मोजायचं तर मानेतल्या शिरेतून बारीक नळी यकृताच्या शिरेपर्यंत न्यावी लागते. मोजक्या मोठ्या केंद्रांतच ही तपासणी होते.

पाट तुंबतो तेव्हा

ज्यांची शेती पाटाच्या पाण्यावर आहे, त्यांना पुढचा भाग चटकन कळेल. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी मुख्य पाटाने वाहत जातं. पाटात गाळ साचला, झाडोरा वाढला, तर पाणी पुढे सरकत नाही. ते मागे फुगतं आणि कडेच्या कच्च्या चाऱ्यांमध्ये घुसतं. या चाऱ्या तेवढ्या पाण्यासाठी खोदलेल्याच नसतात. त्यांचे बांध मातीचे, पातळ. कुठेतरी एका कमकुवत जागी भगदाड पडतं.

सिरोसिसमध्ये यकृताचं नेमकं असंच होतं. वर्षानुवर्षं सूज राहिल्याने यकृताच्या मऊ पेशींच्या जागी कडक व्रणाचे पट्टे तयार होतात आणि मधल्या पेशींच्या गाठी उरतात. त्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात, वाकड्या होतात, काही बंदच पडतात. शिवाय उरलेल्या रक्तवाहिन्या आक्रसूनही बसतात. त्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू एरवी यकृतातच तयार होत असतो. आजारी यकृतात तो कमी पडतो. म्हणजे अडथळ्याचा काही भाग कायमच्या व्रणांचा आणि काही भाग या आक्रसण्याचा. ही विभागणी पुढे उपयोगी पडणार आहे.

सिरोसिसचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच दारूचा विषय निघतो. दारू हे मोठं कारण आहे, यात शंका नाही. पण हिपॅटायटिस बी आणि सी, तसंच मधुमेह आणि वाढत्या वजनासोबत येणारं फॅटी लिव्हर यांमुळेही यकृत याच अवस्थेला पोहोचतं. आयुष्यात दारूला न शिवलेल्या बायकांना हा आजार होतो आणि “खरं सांगा, घेता का?” हा प्रश्न त्यांना पुनःपुन्हा ऐकावा लागतो. तो त्यांच्यावरचा उघड अन्याय आहे.

पोर्टल शिरेतलं तुंबलेलं रक्त हृदयाकडे जायला वाट शोधतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी जठराच्या शिरा आणि छातीतल्या शिरा एकमेकींना भेटतात. एरवी तिथून नाममात्र रक्त जातं. आता तिथे लोंढा सुरू होतो आणि बारीक शिरा फुगून वळणावळणाच्या होतात. दुर्बिणीतून पाहिलं तर अन्ननलिकेच्या गुलाबी आतल्या भिंतीवर निळसर, उंच आलेल्या तीन-चार रेषा खालून वर चढताना दिसतात. त्यांच्यावर लाल रेघोट्या किंवा लाल ठिपके असतील तर तपासणारे डॉक्टर सावध होतात. तिथे भिंत फार पातळ झालेली असते. शीर जितकी फुगते तितकी तिची भिंत ताणली जाते आणि पातळ होते. पातळ झाली की तोच दाब तिला आणखी ताणतो.

पोटातलं प्रेशर १० च्या वर गेलं की अशा शिरा तयार होऊ लागतात. १२ च्या वर गेलं की त्या फुटण्याचा धोका सुरू होतो. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण सगळा उपचार या बाराच्या आसपास फिरतो.

वरून येणारं रक्तही वाढतं

पुढे अडथळा असेल तर शरीराने पोटाकडे कमी रक्त पाठवायला हवं, असं आपल्याला वाटेल. घडतं उलटंच. ज्या नायट्रिक ऑक्साइडचा यकृतात तुटवडा असतो, तो आतड्यांच्या धमन्यांमध्ये मात्र जरुरीपेक्षा जास्त तयार होऊ लागतो. त्या धमन्या सैल पडतात, रुंदावतात आणि आतड्यांत जास्त रक्त घुसतं. तेच रक्त पुढे पोर्टल शिरेत येऊन आधीच तुंबलेल्या पाटात भर घालतं. धरणाचा दरवाजा कुणीतरी आणखी वर उचलावा, तशी ही गत.

इतकं रक्त पोटात अडकल्यावर बाकी शरीरातला दाब उतरतो. मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडतंय असा संदेश जातो. हृदय जोरात आणि भराभर चालू लागतं, मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं. सिरोसिस वाढलेल्या माणसाचा हात हातात घेतला तर तो बऱ्याचदा उबदार लागतो, नाडी जलद आणि ठसठशीत लागते आणि बीपी मात्र १०० च्या आसपास असतं. दंडातलं प्रेशर कमी आणि पोटातलं प्रेशर जास्त, या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असतात. वॉर्डातल्या सिस्टर बरोबर होत्या आणि गोळी लिहिणारे डॉक्टरही बरोबर होते.

गोळी नेमकं काय करते

घाबरल्यावर किंवा धावल्यावर शरीरात ॲड्रिनलीनसारखी रसायनं सुटतात. ती पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांवर बसून काम करवून घेतात. हे ग्राहक दोन जातींचे असतात, हे अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडलं. त्यांना अल्फा आणि बीटा अशी नावं मिळाली. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी ते धागे पकडून हृदयावरचा ताण कमी करणारं, बीटा ग्राहकांना अडवणारं प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकात तयार केलं. त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. यकृताचा विचार तेव्हा त्यात नव्हता.

बीटा ग्राहकांचेही पुढे प्रकार आहेत आणि आपल्या कामाचे दोन आहेत. बीटा-१ मुख्यतः हृदयावर असतात. ते अडवले की हृदय सावकाश आणि बेताच्या जोराने चालतं, म्हणून पोटाकडेही कमी रक्त जातं. बीटा-२ आतड्यांच्या धमन्यांवर असतात आणि त्या धमन्या सैल ठेवायला मदत करतात. त्याच धमन्यांवर अल्फा ग्राहकही असतात, ते धमन्या आवळतात. दोघांची ओढाताण चालू असताना गोळीने बीटा-२ ला बाजूला केलं की आवळणारा एकटा उरतो. धमनी थोडी अरुंद होते, आतड्यात कमी रक्त शिरतं आणि पोर्टल शिरेवरचा भार हलका होतो. पाट अजून तुंबलेलाच आहे, पण वरून सुटणारं आवर्तन कमी झालं आहे.

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगायलाच हवी. ॲटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल याही बीटा ब्लॉकर गोळ्या आहेत आणि बीपीसाठी सर्रास दिल्या जातात. पण त्या मुख्यतः बीटा-१ वरच काम करतात. हृदय त्यांनी सावकाश होतं, आतड्यांच्या धमन्या आवळल्या जात नाहीत. म्हणून या कामासाठी त्या चालत नाहीत. “तीच कंपनी, तसलीच गोळी” म्हणून बदलून घेतली तर नाडी कमी दिसेल आणि सगळ्यांना वाटेल औषध चालू आहे, पण निम्मं काम झालेलंच नसेल.

कार्व्हेडिलॉल या दोन्ही गोष्टी करतं आणि वर तिसरी. ते अल्फा ग्राहकांनाही थोडं अडवतं, त्यामुळे यकृतातल्या आक्रसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. अडथळ्याचा जो भाग व्रणांचा नसून आक्रसण्याचा होता, तो यामुळे कमी होतो. पोटातलं प्रेशर प्रोप्रॅनोलॉलपेक्षा कार्व्हेडिलॉलने जास्त उतरतं, असं दोघांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून आज अनेक तज्ज्ञ त्यालाच पहिली पसंती देतात. त्याची दुसरी बाजू अशी की दंडातलं बीपीही त्याने जास्त उतरतं.

क्लिशीमधली चाचणी

पॅरिसला लागून असलेल्या क्लिशी गावात बोझाँ हॉस्पिटल आहे. तिथल्या दिदिये लब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं की प्रोप्रॅनोलॉलने सिरोसिसच्या पेशंटमधलं पोटातलं प्रेशर कमी होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी ७४ पेशंटांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळे एकदा रक्तस्राव होऊन सावरलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. खऱ्या गोळीचा डोस ठरवायला त्यांनी सोपी खूण वापरली: नाडी मूळच्यापेक्षा पाव हिश्शाने कमी होईपर्यंत डोस वाढवायचा. वर्षभरानंतर पुन्हा रक्तस्राव न झालेले लोक गोळीच्या गटात ९६ टक्के होते, दुसऱ्या गटात ५० टक्के.

हा फरक इतका मोठा होता की काहींना खरा वाटेना. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये, शीला शेरलॉक यांनी घडवलेल्या यकृत विभागात, अँड्र्यू बरोज आणि सहकाऱ्यांनी तशीच चाचणी केली आणि १९८३ मध्ये जाहीर केलं की त्यांना काहीच फायदा दिसला नाही. दोन्ही चाचण्या प्रामाणिक होत्या. फ्रेंच चाचणीतले पेशंट तुलनेने चांगल्या प्रकृतीचे होते, लंडनमध्ये जास्त आजारी लोकही घेतले होते. पुढच्या दशकांत अनेक देशांत चाचण्या झाल्या. सगळ्यांचा मिळून निष्कर्ष असा निघाला की गोळीचा फायदा पहिल्या चाचणीइतका डोळे दिपवणारा नाही, पण पक्का आहे. पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण आणि मृत्यू, दोन्ही कमी होतात.

बँड लावले, आता गोळी कशाला?

हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही येतो. बँडिंग करताना दुर्बिणीच्या टोकावर एक पारदर्शक टोपण असतं आणि त्यावर सहा-सात ताणलेल्या रबरी रिंगा चढवलेल्या असतात. डॉक्टर टोपण शिरेवर टेकवतात आणि हवा ओढून घेतात. शीर टोपणात फुगून येते, लाल पडते. एक खटका फिरवला की रिंग सुटते आणि शिरेचा तेवढा भाग आवळून बसते. काही दिवसांत आवळलेला भाग सुकून रिंगेसकट गळून पडतो आणि तिथे छोटा व्रण उरतो. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तेच, शिरा नाहीशा होईपर्यंत. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये ग्रेग स्टीगमन यांनी हे तंत्र पुढे आणलं आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत.

पण बँड भगदाड बुजवतो. पाट तसाच तुंबलेला राहतो, वरचं आवर्तनही तसंच चालू राहतं. प्रेशर कमी झालेलं नसल्यामुळे शिरा पुन्हा तयार होतात, कधी अन्ननलिकेतच, कधी खाली जठरात. म्हणूनच सगळ्या शिरा गेल्यावरही तीन-सहा महिन्यांनी दुर्बीण घालून बघायला सांगतात. गोळी हे काम उलट्या टोकाने करते, शिरेला हात न लावता दाब उतरवते. एकदा रक्तस्राव झालेल्याला दोन्ही एकत्र द्यायचे, ही आज जगभर मानलेली पद्धत आहे.

दोघांत वजन कुणाचं जास्त, हे २०१७ च्या एका मोठ्या विश्लेषणात तपासलं गेलं. ज्यांचं यकृत जास्त बिघडलेलं होतं, त्यांच्यात नुसते बँड आणि गोळी नाही असं केलं तर बँड-गोळी दोन्ही मिळालेल्यांपेक्षा मृत्यू जास्त झाले. गोळी घेणं सोपं आणि बँडिंग हे मोठं काम, म्हणून गोळी दुय्यम, असं मानायची सवय आपल्याला आहे. आकडे तसं म्हणत नाहीत.

पहिलाच रक्तस्राव टाळायचा असेल तर गणित थोडं वेगळं होतं. दिल्लीच्या जी. बी. पंत हॉस्पिटलमध्ये शिव कुमार सरीन यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, अजून एकदाही न फुटलेल्या मोठ्या शिरांसाठी बँडिंग प्रोप्रॅनोलॉलपेक्षा सरस ठरलं होतं. दहा वर्षांनी स्कॉटलंडमधल्या चाचणीत कार्व्हेडिलॉलने बँडिंगपेक्षा चांगली कामगिरी केली. तो वाद वेगळा आहे. रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसाने त्यात अडकू नये.

डोस, नाडी आणि सोडून देण्याचा मोह

रक्तस्राव चालू असताना ही गोळी देत नाहीत. रक्त कमी झालेलं असताना शरीर हृदय भराभर चालवूनच तग धरत असतं, तो आधार काढून घेणं घातक ठरेल. तेव्हा टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड सलाइनमधून देतात. तीही पोटाकडे येणारं रक्तच कमी करतात, पण तात्पुरती. दोन ते पाच दिवसांनी ती थांबली आणि बीपी स्थिरावलं की गोळी सुरू होते.

प्रोप्रॅनोलॉल साधारण २० ते ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा इथून सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी वाढवतात. बसल्या जागी नाडी ५५ ते ६० यावी आणि वरचं बीपी ९० च्या खाली जाऊ नये, ही मर्यादा. पोटात पाणी झालं असेल तर दिवसाला १६० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. कार्व्हेडिलॉल सव्वासहा मिलिग्रॅमने सुरू होतं आणि बहुतेकांना साडेबारा पुरतं. म्हणजे मघाशी घरात ज्या ५८ च्या आकड्याने घाबरवलं, तो गोळी लागू पडत असल्याची खूण होता.

नाडी घरी मोजता येते. पाच मिनिटं शांत बसायचं, दुसऱ्या हाताची दोन बोटं अंगठ्याच्या बाजूला मनगटावर हलकी ठेवायची आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तर चूकही दुप्पट होते. रोज साधारण एकाच वेळी मोजून वहीत लिहिलं, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना डोस ठरवायला त्याचा फार उपयोग होतो. अर्थात नाडी ही अप्रत्यक्ष खूण आहे. नाडी छान उतरूनही पोटातलं प्रेशर हवं तेवढं न उतरलेले लोक असतात. प्रेशर बाराच्या खाली आलं किंवा मूळच्यापेक्षा निदान २० टक्क्यांनी घटलं, तर पुन्हा रक्तस्रावाचा धोका बराच कमी होतो. प्रोप्रॅनोलॉलवर निम्म्याहून कमी लोक ही पातळी गाठतात. तरीही गोळी घेणाऱ्यांत एकूण रक्तस्राव कमी होतात आणि आतड्यातले जंतू रक्तात किंवा पोटातल्या पाण्यात शिरण्याचं प्रमाणही घटतं असं दिसतं.

थकवा, हातपाय गार पडणं, झोपेत विचित्र स्वप्नं, पुरुषांना लैंगिक अडचण, हे त्रास खरे आहेत. ते बोलायला लाज वाटते म्हणून लोक गोळी गुपचूप सोडतात. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पण गोळी सोडली की तिचं संरक्षण राहत नाही. शिरा फुटण्याचा धोका पुन्हा गोळी कधीच न घेतलेल्या माणसाइतका होतो. बरीच वर्षं काही झालं नाही म्हणून सोडली, तरीही.

चौकट: घरच्यांनी लक्षात ठेवायचं

रक्ताची उलटी किंवा काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली तर सकाळची वाट पाहू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा. नाडी ५० च्या खाली, वरचं बीपी ९० च्या खाली किंवा उठताना चक्कर येत असेल तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. लघवी कमी झाली, पोट वाढलं, ताप आला किंवा माणूस गुंगीत बोलू लागला, तरी तेच. दमा असेल तर गोळी सुरू होण्याआधीच सांगा, कारण बीटा-२ अडवले की श्वासनलिकाही आकुंचन पावतात. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळीमुळे जाणवत नाही, म्हणून साखर मोजत राहा. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधं मनाने घेऊ नका. आणि डिस्चार्ज कार्डावर गोळीच्या नावापुढे ती कशासाठी आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी ती बीपीची समजून बंद करू नये, यासाठी एवढं लिहिणं पुरतं.

गोळी कमी करायची वेळ

२०१० मध्ये त्याच बोझाँ हॉस्पिटलमधून वेगळी बातमी आली. ज्यांच्या पोटातलं पाणी कोणत्याच औषधाला दाद देत नव्हतं आणि वारंवार सुई घालून काढावं लागत होतं, अशा १५१ पेशंटांचा तिथे पाठपुरावा केला होता. त्यांच्यात प्रोप्रॅनोलॉल घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा कमी जगले. जिथून या उपचाराचा जगभर प्रसार झाला, तिथूनच हा इशारा आला. या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे दोष गोळीचाच की गोळी घेणारे मुळातच जास्त आजारी होते, यावर बराच वाद झाला. पण यामागची यंत्रणा पटण्याजोगी आहे. आजार अगदी शेवटच्या टप्प्यात गेला की बीपी टिकवण्यासाठी हृदयाकडे राखीव ताकद उरत नाही. त्यात गोळीने हृदयाला आणखी मागे खेचलं, तर मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही.

म्हणून आता नियम असा आहे: पोटात पाणी आहे म्हणून गोळी बंद करायची नाही. पण वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, रक्तातलं सोडियम फार उतरलं किंवा मूत्रपिंडाची अवस्था सांगणारं क्रिएटिनिन चढू लागलं, तर डोस कमी करायचा किंवा गोळी थांबवायची. तब्येत सावरली की पुन्हा सुरू करता येते. अशा माणसाचे नियमित रक्त तपासणीचे पैसे आणि वेळ वाचवू नयेत. गोळीचा फायदा कुठे संपतो आणि नुकसान कुठे सुरू होतं, ते त्या रिपोर्टमध्येच दिसतं.

गोळी आणि बँड दोन्ही चालू असूनही रक्तस्राव झाला, तर यकृताच्या आतूनच पोर्टल शीर आणि हृदयाकडे जाणारी शीर यांना जोडणारी धातूची नळी बसवता येते. तिला टिप्स म्हणतात. तुंबलेल्या पाटाला बगल देणारा हा नवा कालवाच. प्रेशर झटकन उतरतं. पण यकृताला वळसा घालून गेलेलं रक्त शुद्ध न होताच मेंदूपर्यंत पोहोचतं आणि काहींना त्यामुळे भ्रम होतो. ज्यांचं यकृत अगदीच थकलंय त्यांना प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. दारू पूर्ण सोडली किंवा हिपॅटायटिस बी-सीवर औषधं घेतली, तर गाळ थोडाफार निवळतोही. अशा पेशंटांमध्ये वर्षा-दोन वर्षांत प्रेशर उतरलेलं पाहायला मिळतं.

मग सगळ्यांनाच आधीपासून का देत नाहीत?

रक्तस्राव होईपर्यंत थांबायचंच कशाला, हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडला होता. ज्यांना सिरोसिस आहे पण शिरा अजून फुगलेल्या नाहीत, अशा २१३ जणांना टिमोलॉल हे याच जातीचं औषध देऊन पाहिलं गेलं. २००५ मध्ये निकाल आला: शिरा तयार होणं टळलं नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. कारण आजाराच्या सुरुवातीला पोटाकडे येणारं रक्त फारसं वाढलेलंच नसतं, सगळी अडचण यकृतातल्या अडथळ्याची असते. जे आवर्तन वाढलेलं नाही ते कमी करून काय मिळणार?

स्पेनमधल्या हॉस्पिटलांनी मग नेमका पुढचा टप्पा धरला. ज्यांचं प्रेशर १० किंवा त्याहून जास्त आहे पण अजून पोटात पाणी, रक्तस्राव किंवा भ्रम असं काहीच झालेलं नाही, असे २०१ लोक त्यांनी घेतले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत आजार बळावण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण औषध नसलेल्या गटात २७ टक्के होतं. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांत ते १६ टक्क्यांवर आलं, आणि हा फरक मुख्यतः पोटात पाणी होणं टळल्यामुळे पडला. तेव्हापासून या गोळीकडे फक्त शिरांच्या रक्तस्रावावरचं औषध म्हणून बघणं मागे पडू लागलं आहे. यकृताचा कडकपणा बाहेरून मोजणारं फायब्रोस्कॅन मशीन आता आपल्याकडच्या शहरांतही आलं आहे. तो आकडा २५ किलोपास्कल किंवा त्याहून वर असेल, तर बहुतेक पेशंटांत प्रेशर दहाच्या पुढे गेलेलं असतं. मानेतून नळी न घालता, पहिली उलटी होण्याआधीच, गोळीचा विचार करता येईल अशी माणसं त्यातून ओळखता येतात.